कुर्ल्यांचं मीठ

मालवणात आमची खानावळ आहे आणि आमच्या कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांच्या कालवणाचं, नाव पार कोल्हापुरापर्यंत गेलंय. पुण्यामुंबईची माणसं नांग्या फोडून, बोटं चाटून उठतात आणि मला विचारतात, "काकू, यात काय घालता हो?" मी सगळं सांगते. धणे किती, मिरची कुठली, खोबरं किती काळं भाजायचं. फक्त एक गोष्ट मला सांगता येत नाही, ती म्हणजे हे कालवण लागतं कसं. कारण जन्मात मी कुर्ली तोंडात घातलेली नाही. माझ्या नवऱ्याने नाही, मुलाने नाही, आणि ज्यांनी ही खानावळ उभी केली त्या माझ्या सासूबाईंनी तर नाहीच नाही.

आम्ही ज्यू आहोत. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय, आणि लिहून झाल्यावर मागे वळून बघितलं. हसू नका. सासूबाईंनी लिहायला परवानगी दिली तीही कोणाचं नाव न घालण्याच्या अटीवर. आमचे पूर्वज गोव्यातले. पोर्तुगीज पाद्र्यांच्या धाकाने ते इकडे आले, ज्या गावात टेकले त्या गावाचं आडनाव लावलं, दारात तुळस लावली आणि तोंडाला कुलूप घातलं. आता वेंगुर्ल्यापासून दोडामार्गापर्यंत आमची मोजकी घरं उरली आहेत. माझं माहेर दोडामार्गकडचं, काजूच्या बागेतलं. मूल जरा जाणतं झालं की आई त्याला मागच्या पडवीत नेऊन एकदाच सगळं सांगते आणि वर दम भरते, "खंय बोलू नको हां."

लपवणं वाटतं तितकं अवघड नाही. दिवेलागणीला सगळ्या गावातच दिवे लागतात, त्यात शुक्रवारचा आमचा एक कोणाला वेगळा दिसणार? तरी सासूबाई आधी मागचं दार लावायला लावतात. मग दिवा. मग दोन भाकऱ्यांवरचा फडका काढून तुकडा मोडायचा, मिठात बुडवायचा आणि प्रत्येकाच्या हातावर ठेवायचा. तोंडाने एक ओळ म्हणायची. तिचा अर्थ आमच्यात कोणालाच धड ठाऊक नाही, पण उच्चार चुकला की सासूबाई डोळे वटारतात. खरा अवघड जातो तो शनिवार. ऐन गर्दीच्या दिवशी खानावळ बंद! पर्यटक दारावर थापा मारतात. आम्ही "नवस आहे" म्हणून सांगतो. कोणाचा, कशाचा, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

आणि तो खाण्याचा नियम. ज्या माशाला पर आणि खवलं, तोच आपला. बांगडा, सुरमई, तारली चालते. कुर्ल्या, सुंगटं म्हणजे कोळंबी, तिसऱ्या, मोरी मासा, सगळं बाद. मालवणात राहून हा नियम पाळणं म्हणजे चेष्टाच आहे. सासऱ्यांच्या मागे सासूबाईंनी खानावळ काढली तेव्हा त्यांना कळून चुकलं की कुर्ल्यांशिवाय मालवणी खानावळ म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. बाई डोक्याने तल्लख. त्यांनी ठरवलं, शिजवायचं, वाढायचं, पण तोंडात घालायचं नाही. चूल वेगळी, भांडी वेगळी. शेजारणींना वाटायचं, केवढं हे सोवळं!

पण न चाखता मीठ कळणार कसं? सुरुवातीला एका गिऱ्हाइकाने जेवणापेक्षा पाणीच जास्त प्यायलं म्हणतात. तेव्हा सासूबाईंना समोरच्या घरातले तांडेल सापडले. होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, म्हणून अर्धं आयुष्य काढलेला माणूस, गुडघा गेला म्हणून कायमचा किनाऱ्याला लागला होता. पुढे बायको वारली, पदरात लहान मुलगी राहिली. सासूबाईंनी एक दिवस कुर्ल्यांची वाटी पुढे केली. "खावन बग रे." ते आमच्या बाकावर बसून खायचे आणि सासूबाई खिडकीतून त्यांच्या भुवया बघायच्या. वर गेल्या तर कालवणात पाणी. लिंबू मागितलं तर मीठ. जागच्या जागी राहिल्या तर कालवण तयार. लग्न होऊन आले तेव्हा मीही मसाल्याच्या आधी भुवया वाचायला शिकले.

शनिवार सोडला तर वाटी कधी चुकली नाही. तांडेल आळीभर सांगत फिरायचे, "ह्या घरात माका मान आसा." ते ऐकलं की मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. दुसऱ्या दिवशी वाटी मात्र भरायचीच.

आणि गेल्या वर्षी आमच्या दिवट्या मुलाने प्रेम केलं ते नेमकं तांडेलांच्या मुलीवर. मी आधी दुपारभर आरडाओरडा केला, मग संध्याकाळी मला आनंद झाला. मुलगी डोळ्यांदेखत वाढलेली, कामसू आणि फटकळ, म्हणजे माझ्यासारखीच. आमच्या घरांतून आता लग्नाच्या मुलीच नाहीत, त्यामुळे सासूबाईंनीही नाक मुरडलं नाही. "चेडू बरा आसा," त्या म्हणाल्या. "पण लग्नाआधी कायेक सांगूचा नाय."

"आये, ही फसवणूक झाली," मी म्हटलं.

"बोलान आमच्यात कोण जगलो? गप ऱ्हवलंव म्हणान ऱ्हवलंव."

त्यानंतर आमच्या दोघींत अबोला. भांडी मात्र खूप आपटली गेली, माझ्या बाजूने.

लग्न ठरलं, आणि पुढच्याच रविवारी सकाळी तांडेल आले ते टोपलीभर जिवंत कुर्ल्या आणि मुलीला घेऊनच. "वैनी, आज मी गिऱ्हाईक नाय, व्याही आसंय. रांधा, आणि आज सगळ्यांनी एका पंगतीक बसूया. इतकी वर्सां हंय खातंय, पण तुमका कोणाक खाताना बगूक नाय. उपासाचा सांगू नकात, आज आयतवार!"

मी रांधलं. पंगत बसली. तांडेलांनी स्वतःच्या हाताने प्रत्येकाच्या पानात मोठ्यात मोठी नांगी वाढली आणि हात चोळत आमच्याकडे बघत बसले. माझा नवरा भाताचे ढीग इकडचे तिकडे करत बर्फाच्या भावाबद्दल बोलायला लागला. तो एरवी चार शब्द बोलत नाही. मुलाचे कान लाल झाले. नांगीला कोणी हात लावेना.

तांडेलांचं हसू हळूहळू मावळलं. "आमी दर्यावरची माणसां," ते म्हणाले. "आमच्या हातचा तुमका चलना नाय, तर आमचा चेडू कशाक व्हया?" आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. मुलगी रडली नाही. तिने फक्त माझ्या मुलाकडे बघितलं. ते बघणं मला सोसवेना. लग्न मोडलंच होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई बोलल्या.

"बस रे. आमी ज्यू."

भर दुपारी, दार सताड उघडं, आणि ही बाई पिढ्यांचं कुलूप काढून मोकळी!

तांडेल अर्धे उठलेले तसेच थांबले. "ज्यू म्हंजे? किरिस्तांव?"

"नाय."

"मगे मुसलमान?"

"नाय रे. त्यांच्याय आदीचे."

"आणि देव?"

"एकच."

"बरा आसा. खर्च कमी," तांडेल म्हणाले आणि परत खाली बसले. मग सासूबाईंनी सगळं सांगितलं, गोवा, दिवा, शनिवार, खवलं. तांडेल मान डोलवत ऐकत होते. मुलीने डोळ्याची पापणी लववली नाही. मला वाटलं, सुटलो. आणि तांडेलांनी विचारलं, "मगे माजी ती वाटी?"

सासूबाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला. धर्म एक वेळ माणूस पचवील, पण ज्याला आपण मान समजत आलो ती नुसती चव बघायची सोय होती, हे कोण सहन करील? तरी खोटं बोलायला आता जीभ रेटेना.

"मीठ बगूक, भावानू," मी म्हटलं.

त्यांनी आधी कालवणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हंजे इतकी वर्सां ह्या खानावळीची जीब मी?"

"तुमीच."

त्यांनी मांडीवर थाप मारली. "अगो वैनी, मगे सांगूचा नाय? तुमच्या कुर्ल्यांका मीठ जास्ती पडता! रोजच्या रोज!"

"मगे बोललास कित्या नाय?" मी किंचाळलेच.

"कोणी मायेन वाटी दिली तर खोट काडतत?"

म्हणजे भुवया जागच्या जागी राहत होत्या त्या चवीमुळे नव्हे, भिडेमुळे! आणि आमची सोलकढी इतकी खपते, याचा आम्हाला केवढा अभिमान, ती खपत होती मिठाच्या तहानेने. मी लग्नबिग्न सगळं विसरून कपाळाला हात लावला. आधी ती मुलगी हसली, मग सगळेच. तांडेलांनी आमच्या पानांतल्या नांग्या एकेक करून स्वतःच्या पानात ओढून घेतल्या. "फुकट कशाक घालवूचा," म्हणाले.

लग्न झालं, नोंदणी करून आणि आळीभर जेवण घालून. तांडेल आता वाटी घेऊन थेट चुलीपाशी बसतात आणि कुरकुरतात. मीठ कमी झालंय, सोलकढीही कमी खपते. आळीत त्यांनी अवाक्षर काढलेलं नाही. "माका मान आसा" हे मात्र पूर्वीपेक्षा मोठ्याने सांगतात.

लग्नानंतरच्या पहिल्या शुक्रवारी ते संध्याकाळी पिशवीत मासे घेऊन आले. तळहाताला खवलं चिकटलेली. "बगा काकी," त्यांनी हात सासूबाईंच्या नाकाजवळ नेला, "खवलां आसत. मी खरवडून बगलंय." मासे रांधून झाले, दिवेलागण झाली. मी सवयीने मागचं दार लावायला उठले.

"ऱ्हवांदे," सासूबाई म्हणाल्या.

समुद्राचा वारा सरळ आत येत होता. नव्या सुनेने वातीभोवती हात धरला. तिने ती ओळ म्हटली, दोन ठिकाणी चुकली, आणि सासूबाईंनी डोळे वटारले नाहीत. मग त्यांनी भाकरी मोडली, तुकडा मिठात बुडवून प्रत्येकाच्या हातावर ठेवला, शेवटी तांडेलांच्याही. या वेळी सगळ्यांच्या तोंडात तोच घास होता. तरी सवय ती सवय, आम्ही सगळे तांडेलांच्या भुवयांकडे बघायला लागलो.

त्यांनी सावकाश चावलं, गिळलं.

"बराबर आसा," ते म्हणाले.