‘चित्र कधीचं’चा रकाना

माझ्या थोरल्या बहिणीला दिवसभर टीव्ही बघायचा पगार मिळतो, हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, “तिथे एखादी जागा आहे का हो?” मी म्हणते, या की! एक दिवस बसून दाखवा. एका खोलीत नऊ टीव्ही, नऊ चॅनेल, कानाला हेडफोन आणि पुढ्यात छापील तक्ता. दर अर्ध्या तासाला कोणत्या चॅनेलने काय सांगितलं, कोणता शब्द वापरला, मेलेल्यांचा आकडा किती दिला, बातमी कुणाकडून आली आणि दाखवलेलं चित्र कधीचं, हे सगळं लिहायचं. संध्याकाळी त्याचा अहवाल होतो आणि कुठल्या कुठल्या कचेऱ्यांत जातो. कोण वाचतं देव जाणे. एकवीस वर्षं ताई हे काम करते आहे, आणि एकवीस वर्षांत तिने घरचा टीव्ही स्वतःच्या हाताने एकदाही लावलेला नाही.

ऑफिसात तिला चाळणी म्हणतात, तेही तोंडावर. तिला राग येत नाही. तिनेही चॅनेलांना नावं ठेवलेली आहेत. सरकार बोलेल ते बोलणारा तो पोपट. चेहरा पाडून बातम्या देतो तो सुतकी. परदेशातला, सावकाश बोलणारा, कधी आवाज न चढवणारा तो शहाणा. आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा आरड्या. मी घरी शाळांचे गणवेश शिवते, तेव्हा माझ्याकडे हा आरड्याच लावलेला असतो. शिलाई मशीनच्या खडखडाटात निदान तो ऐकू तरी येतो. ताई आली की पहिल्यांदा त्याचं तोंड बंद करते.

युद्ध सुरू झालं आणि तिच्या कामाला धार आली. पहिल्याच आठवड्यात आरड्याने एक विमान चार वेळा पाडलं. तेच विमान, तोच धूर, फक्त एकदा चित्र उलटं फिरवून दाखवलं. शेपटीवरचे आकडे उलटे दिसले म्हणून ताईने पकडलं. शहाण्यालाही तिने सोडलं नाही. त्याने बॉम्बने पडलेली म्हणून एक शाळा दाखवली, ती तीन वर्षांपूर्वी भूकंपात पडलेली होती. तेव्हाही नोंद हिनेच केली होती, म्हणून हिच्या लक्षात. कोणत्या चित्रात सावल्या कुठे पडल्यात, झाडांना पानं आहेत की नाहीत, दुकानाची पाटी सरळ आहे की लोंबतेय, यावरून ती दिवस सांगायची. मी एकदा म्हटलं, “अगं, तू पोलिसात जायला हवं होतंस.” तर म्हणाली, “पोलिसांना एवढं बघायला वेळ कुठे असतो?”

आणि या सगळ्याच्या मधोमध आमची पोर होती.

ताईची एकुलती एक मुलगी. नर्स. दोन वर्षांच्या करारावर त्या देशात गेलेली, आणि नेमकं त्याच शहरात युद्ध. भावोजी गेल्यापासून ताईला दुसरं कुणी नाही. मी आहे म्हणा, पण बहीण ती बहीण आणि लेक ती लेक. तिथल्या इस्पितळात वीज फक्त ऑपरेशनपुरती. टीव्ही बंद, इंटरनेट नाही. रोज सकाळी नऊला प्रत्येकीला पाच मिनिटं फोन मिळायचा. बाकीच्या मुली आपापल्या घरी रडायच्या. आमची पहिलं वाक्य हेच बोलायची, “आई, आज काय म्हणतायत?”

मग ताई सांगायची. वाढवून नाही, कमी करून नाही. कुठे काय पडलं, ते किती जणांनी सांगितलं, त्यातलं स्वतःच्या कॅमेऱ्याने कुणी दाखवलं. ऑफिसचा नियमच होता, तीन चॅनेलांनी स्वतंत्रपणे तेच सांगितलं तर ती बातमी पक्की धरायची. काही दिवसांनी पोर म्हणाली, “आई, जरा मोठ्याने बोल, सगळ्या ऐकतायत.” वॉर्डातल्या नर्सेस फोनभोवती उभ्या राहायला लागल्या होत्या. तिच्याच खोलीत राहणारी, आपल्याच गावची एक मुलगी होती, तिला तर ताईच्या आवाजाशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे. ताईला त्याचा अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू, मलाही वाटायचा. मी गल्लीत चार जणींना सांगून आले होते.

पाचव्या आठवड्यात ठरलं, गुरुवारी इस्पितळ रिकामं करायचं. पेशंट आदल्या दिवशीच हलवले होते. नर्सेसना सांगितलं, तळघरात थांबायचं असेल तर थांबा, जायचं असेल तर अकरा वाजता पश्चिमेच्या रस्त्याने दोन बस निघतील. ज्याने त्याने आपलं ठरवावं.

हे मला कसं कळलं, तर बुधवारी पोरीनेच फोनवर सांगितलं होतं. “उद्या नऊला सांग आई, जाऊ की राहू. तू म्हणशील तसं.”

ताई त्या रात्री जेवली नाही. गुरुवारी सातलाच ऑफिसात जाऊन बसली. साहेबांनी तिला फोन जवळ ठेवायची परवानगी दिली होती.

मी घरी कॉलर लावत होते. साडेआठला आरड्या किंचाळला, पश्चिमेच्या रस्त्यावर तोफा सुरू! माझ्या हातातलं कापड सुटलं. लगेच ताईला फोन लावला.

“अगं, तो सांगतोय रस्त्यावर तोफा चालल्यात.”

“कोण? तुझा तो आरड्या? तो रस्ता त्याने या महिन्यात सात वेळा बंद केलाय. माझ्याकडे नोंद आहे.”

“पण आज जर खरंच...”

“पोपटावर त्याच रस्त्याने आधीच्या बसेस निघालेल्या दिसतायत. सुतक्यावर दिसतायत. आत्ता शहाण्याने पण दाखवल्या. बायका खिडकीतून हात हलवतायत. तीन झाले. तू फोन ठेव बरं, पोरीचा येईल.”

मी ठेवला. आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. मी ओरडायला हवं होतं, भांडायला हवं होतं. पण एकवीस वर्षांच्या चाळणीपुढे मी कोण? गणवेश शिवणारी बाई. ठेवला फोन.

नऊला पोरीचा फोन आला. ताई म्हणाली, “निघ. रस्ता मोकळा आहे.” एवढंच. आणि मग रडत म्हणाली, “लवकर ये गं बाई घरी.”

दुपारी सव्वाला आरड्याने ती बस दाखवली.

पुढचं मला तिच्याच ऑफिसातल्या एकाने सांगितलं. ताई उठली नाही, किंचाळली नाही. तिने तक्त्यावर वेळ लिहिली. चॅनेल लिहिलं. चित्र लिहिलं, रस्त्याकडेला जळलेली बस, पुढचा भाग नाही. मग बाकीचे एकेक बोलायला लागले आणि ती एकेक लिहीत गेली. सुतकी म्हणाला हल्ला. शहाणा म्हणाला, बस गोळीबारात सापडल्याचं वृत्त आहे. पोपट चारपर्यंत गप्प, मग म्हणाला, बसला आग लागली. आरड्या म्हणाला एकोणीस मेले, शहाणा म्हणाला किमान सात, पोपटाकडे मेलेलंच कुणी नाही. साहेब म्हणाले, “बाई, तुम्ही घरी जा.” तर ही म्हणाली, “घरी जाऊन काय बघू?”

तीन दिवस आमच्या घरात शहाणा चालू होता. ज्या बाईने कधी टीव्ही लावला नाही ती त्याच्यासमोर बसून होती, आणि मी तिच्या शेजारी. मला तो सात आकडा आवडायला लागला होता. मी मनात म्हणायचे, दोन बसमध्ये मिळून साठ माणसं, त्यातली सात. लाज वाटते सांगायला, पण देवाजवळ मी त्या सातांत दुसऱ्यांच्या मुली घातल्या. ताईने काय मागितलं ते तिने मला सांगितलं नाही.

याच तीन दिवसांत कधीतरी तिने ऑफिसातून गुरुवारची रेकॉर्डिंग्ज मागवून घेतली. पोपटाचं, सुतक्याचं, शहाण्याचं, तिन्ही. आणि शेजारी शेजारी लावून बघायला बसली. बसेस निघतायत, बायका हात हलवतायत. तिन्ही चित्रं एकाच कॅमेऱ्याची. लष्कराने वाटलेली, तिघांनी घेतलेली. फक्त कुणी डावीकडून कापलं, कुणी आवाज काढून टाकला. शहाण्याच्या चित्रात एका कोपऱ्यात पाण्याची टाकी होती. उंच, निळी, चार पायांवर उभी.

ताईने चित्र थांबवलं. पिशवीतून आपले जुने तक्ते काढले आणि सोमवारचा समोर धरला. तिच्याच अक्षरात होतं, दहा चाळीस, निळी टाकी कोसळली, तीन चॅनेल.

“सोमवारी पडलेली टाकी गुरुवारी कशी उभी असेल?” ती मला म्हणाली. मला म्हणजे भिंतीलाच म्हणाली. “चित्र सोमवारच्या आधीचं आहे.”

मग तिने गुरुवारचा तक्ता पुढे ओढला. साडेआठची ओळ. चॅनेल, वेळ, शब्द, सगळं भरलेलं. ‘चित्र कधीचं’ हा रकाना मात्र तिन्ही ओळींत कोरा.

“एकवीस वर्षांत मी हा रकाना कोरा सोडलेला नाही गं,” ती म्हणाली. मी म्हटलं, “ताई, घाई होती, फोन येणार होता, कुणाचंही झालं असतं.” तिने दोन्ही तक्ते उचलून पिशवीत ठेवले.

रविवारी सकाळी फोन आला.

“आई, मी आहे.”

 फोन माझ्या हातात आला, परत ताईच्या हातात गेला, आम्ही दोघी एकदम बोलत होतो, एकदम रडत होतो. पोर दुसऱ्या बसमध्ये होती. त्यांची बस मागे वळली होती, अर्धा रस्ता चालत त्या पुन्हा तळघरात पोचल्या होत्या, आणि तिथला फोन तीन दिवस बंद होता. हाताला भाजलं होतं, बाकी धड होती. मी भिंतीवर डोकं टेकून देवाचे किती वेळा आभार मानले त्याचा हिशेब नाही.

मग पोर म्हणाली, “पहिल्या बसमध्ये एकच जागा राहिली होती. ती घाबरत होती, जायलाच तयार नव्हती. मीच बसवलं तिला. म्हटलं, जा गं, आईने सगळं बघून सांगितलंय.”

खोलीतली मैत्रीण. आपल्याच गावची.

 पोरीने थोडा वेळ वाट बघितली आणि म्हणाली, “ठेवते आई.” त्या दिवसापासून तिचा फोन रोज यायचा. जेवलीस का विचारायची, हाताची जखम सांगायची. आज काय म्हणतायत, हे तिने परत एकदाही विचारलं नाही. आणि ताईनेही आपणहून सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी, दुपारी, दाराची बेल वाजली. मी तेव्हा ताईकडेच होते. दारात एक बाई उभ्या. आमच्याच वयाच्या, नीट विंचरलेले केस, हातात पर्स घट्ट धरलेली. त्या मैत्रिणीची आई. ऑफिसात विचारत विचारत घर शोधून आल्या होत्या.

ताईने त्यांना बसायला सांगितलं. मी पाणी आणलं, त्यांनी घेतलं नाही. पर्समधून फोन काढला आणि ताईसमोर धरला. मुलीने त्या सकाळी आपल्या पाच मिनिटांत पाठवलेला शेवटचा संदेश होता. ‘काळजी करू नकोस. निघतोय. हिच्या आईने सगळी चॅनेल बघून सांगितलंय, रस्ता मोकळा आहे.’

“हे तुम्हीच ना?” त्या म्हणाल्या.

ताई म्हणाली, “हो. मीच.”

मला राहवलं नाही. “अहो, सगळ्या मोठ्या चॅनेलवर तेच दाखवत होते हो. ही बिचारी काय करणार? त्यांनीच जुनी चित्रं...”

“तू गप्प बस,” ताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यावर परक्यांसमोर ओरडली. मग त्या बाईंकडे वळून तिने टाकीचं सांगितलं. सोमवार सांगितला, गुरुवार सांगितला. एकही शब्द गाळला नाही. आत जाऊन दोन्ही तक्ते आणून त्यांच्या मांडीवर ठेवले आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

त्या बाई बराच वेळ त्या कागदांकडे बघत होत्या. त्यातलं सगळं त्यांना समजलं असेल असं नाही. मग त्यांनी मान वर केली.

“म्हणजे तुम्हाला ओळखता आलं असतं.”

“हो.”

“रोज ओळखता.”

“हो.”

“मग त्या दिवशी का नाही बघितलंत?”

मला वाटलं ताई घाईचं सांगेल, फोनचं सांगेल. मी मनातल्या मनात तिला सांगत होते, सांग गं, काहीतरी सांग.

“मला माझी पोर घरी हवी होती,” ताई म्हणाली. “रस्ता मोकळाच असायला हवा होता मला. म्हणून नाही बघितलं.”

त्या बाईंनी तक्ते उचलून टेबलावर ठेवले, कडा जुळवून, नीट. उठल्या. दारापाशी जाऊन चपला घालायला वाकल्या, पण पाय काही चपलेत जाईना. मी पुढे झाले तर त्यांनी हाताने थांबवलं.

“मलाही हवी होती,” त्या म्हणाल्या.