भैरूआबाच्या पिकपचं नाक

माण गावात गेल्या वर्षी एक गोष्ट कानाकानांतून फिरत होती. भैरूआबाच्या पिकपमध्ये म्हणे दर शुक्रवारी एक बाई बसते. कॉलेजच्या पोरी स्कूटरवर बांधतात तसा तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर काळा गॉगल. ताम्हिणी घाटाच्या एका वळणावर दोघं एकाच कणसाचे दाणे खाताना दिसली. पाहिलं कुणी? शेजारच्या कोंडिबानं नाही, कोंडिबाच्या मेव्हण्यानं. पण कोंडिबानं ते असं रंगवलं, की पुढं काय झालं हे ऐकायला मेव्हणाच त्याच्या ओट्यावर येऊन बसायला लागला.

भैरू साठीला टेकलेला. शेतं आयटी पार्कात गेली, उरल्या तुकड्यावर शेखरनं, म्हणजे पोरानं, भाड्याच्या खोल्या उठवल्या. भाडं शेखर बघतो, टँकरवाल्याशी सून वैष्णवी भांडते. भैरूला काम उरलं ते गेटपाशी खुर्ची टाकून बसायचं आणि कुरिअरवाल्याला मजला सांगायचा. भाजी वाहायच्या दिवसांतली पिकप तेवढी त्यानं सोडली नव्हती. कुणाचं कपाट मारुंजीला पोचव, कुणाच्या गाद्या महाळुंग्याहून आण. आणि शुक्रवारी घाट.

"कुटं निघाला, आबा?"

"हवा खायाला."

या वयात माणसाला कसली हवा लागते, यावर कोंडिबाच्या ओट्यावर दोन-दोन चहा व्हायचे.

पिकपचा दम मात्र संपत आला होता. उन्हाळ्यात घाटाखालच्या माणगावहून सामान आणताना ती घाटाच्या चढावर जी बसली ती उठेना. दुसरी गाडी बोलवावी लागली. शेखरनं त्याच दिवशी फर्मान काढलं.

"आबा, आता इकायची ती. लोकं हसत्यात. वरच्या खोलीत नवा भाडेकरू येतोय, माणगावचाच हाय. त्याचं सामान पायथ्यापास्नं न थांबता वर आलं तर ठिवा गाडी. न्हाईतर मी गिऱ्हाईक बघून ठिवलंय."

गाडी गेली की शुक्रवार गेला.

भैरू मारुंजीला विकी मिस्त्रीकडं गेला. विकीनं बॉनेट उघडून कान लावला, हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"इंजन ब्येस हाय, आबा. पर ह्ये बॉनेटखालची तापल्याली हवा वढतंय. तोंडावर गोधडी घिऊन डोंगर चढा बरं तुमी."

"मग करायचं काय?"

"बॉनेटला नाक काढू. समोरची गार हवा थेट फिल्टरला."

विकीनं पुठ्ठ्याचा साचा कापला, बॉनेटवर खडूनं खूण केली आणि ग्राइंडर लावला. पत्रा कापला जाताना भैरूनं तोंड फिरवलं; शेखरचे कान टोचतानाही असंच फिरवलं होतं. मग विकीनं कडा घासल्या, गंज धरू नये म्हणून रंग मारला, रबरी पट्टी बसवून वर पुढं तोंड केलेला काळा स्कूप आवळला. आतून एक जाड पाइप फिल्टरच्या डब्याला जोडून दिला.

"पाऊस ग्येला आत तर?"

"खालनं भोक ठिवलंय. नाक गळंल, पर गाडी बुडायची न्हाई."

घरी आल्यावर बायको रत्नाबाई ताट घेऊन तयारच होती. गाडीला नवं काही लागलं की इंजिन सुरू ठेवून ओवाळायचं, ही घरची रीत. कुंकू लागलं, नारळ फुटला. कोंडिबा कंपाउंडवरून वाकला.

"नाक झकास हाय, भैरू! शुक्रवारच्या पाव्हणीला दावलं का?"

रत्नाबाईनं पटकन पदर तोंडावर घेतला. रडली बिचारी, असं कोंडिबा नंतर चार ठिकाणी सांगत होता. त्या वेळी त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण तो आत आला, ताटातल्या वाटीतला भंडारा मुठीनं उचलला आणि "येळकोट येळकोट" करत थेट त्या नाकावर उधळला. मग भैरूनं उधळला. मग वैष्णवीनं. वाटी रिकामी झाली. इंजिन चालूच होतं, आणि नाक तर हवा ओढायलाच बसवलेलं. कुणाच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी माणगावला उतरताना गाडी खुशीत होती. येताना सामान भरलं, शेखर शेजारी बसला आणि चढ लागला. अर्ध्यावर पिकपनं काळा धूर सोडला. भैरूनं गिअर पाडला, पाय दाबला, "चल गं बाय" म्हटलं. ती थांबली.

शेखरनं फोन काढला.

"जरा दम धर," भैरू म्हणाला आणि खाली उतरला. नळी बघितली, क्लिपा उघडून फिल्टर बाहेर काढला. फिल्टर पिवळाधमक! लग्नाच्या नवऱ्यासारखा हळदीनं माखलेला.

शेखरनं बघितलं आणि त्याला हसू फुटलं. "आबा, ह्यो तर घाटात जेजुरी घिऊन आलाय!"

भैरू हसला नाही. त्यानं फिल्टर दगडावर आपटून आपटून झाडला, फुंकला, डबा फडक्यानं पुसला आणि परत बसवला. मग भरलेली गाडी वळवली.

"आता खाली कुटं?"

"पायथ्याला. न थांबता म्हनला हुतास न्हवं?"

"आवो, ऱ्हाऊ द्या की. चला हितनंच."

"न्हाई. नंतर म्हनशील, आबानं फसिवलं."

पायथ्यापर्यंत जाऊन भैरूनं गाडी पुन्हा घाटाला लावली. शेखर काच खाली करून बाहेर बघत बसला. धूर झाला तिथून ती पुढं गेली. वळणं सरली, धरणाचं पाणी दिसायला लागलं, गाडी कुठं थांबली नाही. पौडाजवळ आल्यावर शेखरनं गिऱ्हाइकाला फोन लावला आणि म्हणाला, "न्हाई जमत, भाऊ. आबा वापरत्यात ती."

पुढच्या शुक्रवारी भैरू हवा खायला गेला.

गाडीतली ती बाई रत्नाबाईच होती. सून आणि भाडेकरू यांच्यादेखत नवऱ्याबरोबर फिरायला निघायची तिला लाज वाटायची, म्हणून ती बाजाराला जाते सांगून सहा आसनी रिक्षानं घोटावडे फाट्यापर्यंत जायची, स्कार्फ बांधायची आणि तिथं पिकपमध्ये बसायची.