रुखमाबाईची टाच

बोरी अरब गावात कुणाची पाठ भरली की घरचे आधी रुखमाबाईचं नाव घेतात. ती पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर काढून आलेली. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी जुनी समजूत आहे. साठी ओलांडलेली रुखमाबाई लहानपणापासून गावाच्या पाठी तुडवत आली. ज्यांच्या ओट्यावर तिच्या आईला कधी बसू दिलं नाही, तेही उसण भरली की तिच्या अंगणात निमूट पालथे पडतात. तिला याची मनातून मोठी गंमत वाटते, आणि का वाटू नये?

तिची लेक दीपा यवतमाळच्या दवाखान्यात नर्स. तिला हे बिलकुल पसंत नव्हतं. "बुद्ध विहारात जातं, अन् हे कायले करतं तू?"

"अवं, टाचेनं दाबलं की आखडलेलं मास सैल होते. जादू थोडीच हाय?"

आई ऐकत नाही म्हटल्यावर दीपा तिला शिकवायलाच बसली. हातापायांचे स्नायू आपल्या हुकमाचे, थकले की बसतात. काळीजही स्नायूच, पण त्याला बसायची सोय नाही. दोन ठोक्यांच्या मधे मिळेल तेवढाच त्याचा विसावा, आणि तेवढ्यावर ते जन्मभर राबतं. त्याला रक्त पोचवणारी नळी तुंबली की ते उपाशी पडतं. मग दुखतं कधी छातीत, कधी पाठीत, कधी जबड्यात.

"दाबल्यानं, वळल्यानं दुखणं बदललं, त बहुतेक पाठीचंच. बदललं नाई अन् घाम सुटला, त पाय लावू नको. मले फोन कर."

रुखमाबाईने मान डोलावली. लेकीचं बोलणं तिने गाठीशी बांधून ठेवलं.

डिसेंबरातल्या एका गार सकाळी जवळच्या तांड्यातला फुलचंद बायकोच्या आधाराने आला. कापसाची गाठोडी एकट्याने गाडीत चढवणारा गडी, पण पार वाकला होता.

"काल गाठोडे चढवले, तवापासून पाठ भरली," त्याची बायको मानीबाई म्हणाली.

फुलचंद पालथा पडला. रुखमाबाईने अंगठ्याने खवाट्याखाली, खांद्यामागच्या हाडाखाली, दाबलं. "इथं?"

"नाई."

"हात वर कर. मान वळव. आता?"

"तसंच हाय. जबडा बी जड लागून राह्यला."

एवढ्या थंडीत त्याची मान घामाने निथळत होती. उचललेला पाय रुखमाबाईने खाली घेतला.

"हे माह्या टाचेचं काम नाई. यवतमाळले न्या. आत्ता."

मानीबाईने हात जोडले. बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात, तसंच म्हणाली, "याडी, एक डाव पाय लाव. साऱ्या गावाले लावतं, आमालेच काहून नाई?"

रुखमाबाईच्या काळजात चर्र झालं. आपल्यालाच काहून नाही, हे तिच्या आईने जन्मभर मनात विचारलं होतं. नुसता पाय टेकवला असता तर दोघं समाधानाने घरी गेली असती. पण घरीच गेली असती.

"लावला त तुह्या मनाले बरं वाटन, याच्या जीवाले नाई," ती म्हणाली, आणि शेजारी राहणाऱ्या उकंडाला त्याची जीप काढायला लावून स्वतः सोबत बसली. वाटेतूनच तिने दीपाला फोन केला.

यवतमाळच्या दवाखान्यात कळलं, नळी तुंबलीच होती. डॉक्टरांनी ती उघडली. "अजून उशीर झाला असता त काळजाचा तेवढा भाग मेला असता, आई," दीपा म्हणाली. "पाठीचं मास दुखावलं त भरून येते. काळजाचं तसं येत नाई." त्या दिवसापासून तिने आईच्या टाचेला नावं ठेवणं सोडलं.

महिन्याभराने फुलचंद हळूहळू चालत अंगणात आला. पाठ वाकडी.

"पुन्हा भरली, याडी. पडून पडून आखडली वाटते."

रुखमाबाईचा चेहरा उतरला. तिने त्याला पालथं पाडलं. आधी मानेला घाम आहे का ते चाचपलं, मग खवाट्याखाली अंगठा दाबला.

"इथं?"

"आयओ! मेलो!" फुलचंद कळवळला.

तिने आणखी एकदा दाबलं. तो आणखी जोरात ओरडला.

"दुखते न? लय दुखते न?" रुखमाबाई हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. एवढा आनंद तिला कुणाच्याच पाठीने दिला नव्हता. मग तिने भिंतीला हात टेकला आणि पाय उचलला.