माझ्या व्हिसाच्या फाईलमधली मधुरा

परवा समोरच्या फ्लॅटमधली मंजिरी पेढे घेऊन आली. तिचा आणि तिच्या मुलाचा न्यूझीलंडचा व्हिसा आला होता... मी तोंडभर हसले, "लकी आहेस गं" म्हटलं आणि दार लावून मनसोक्त जळले.

का जळू नये? तिचा नवरा माझ्या निलेशच्या नंतर न्यूझीलंडला गेला. निलेशला तिकडे नोकरीला जाऊन दोन वर्षं होतील. आमची इरा पाच वर्षांची आहे आणि तिचा बाबा रोज डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये बसून तिच्यासोबत जेवतो.

आमचा अर्ज मात्र भरायचाच राहिला होता. निलेश म्हणायचा, "एजंट कशाला? तू भरशील की." मी फॉर्म उघडायचे, घाबरायचे आणि बंद करायचे. मंजिरीने एजंट केला होता, म्हणजे तिचं सगळं त्यामुळेच झालं असं मी ठरवून टाकलं... सुकापूरच्या आमच्या बिल्डिंगवरून विमान गेलं तरी वाटलं, यात मंजिरीच बसलीय.

दुसऱ्या दिवशी इराला शाळेत सोडलं आणि कुणाला न सांगता पनवेल स्टेशनजवळचं तिच्या एजंटचं ऑफिस गाठलं. भिंतीवर व्हिसा मिळालेल्यांचे फोटो होते. मधोमध मंजिरी, हातात पासपोर्ट, अंगात अबोली ड्रेस. पोटात दुखलंच.

एजंट मॅडमनी लग्नाचे फोटो आणि नवऱ्याबरोबरच्या चॅटचे प्रिंट मागितले; दोन्ही माझ्या फाईलमध्ये होतेच. नवरा-बायकोचं नातं खरं आहे, याचा पुरावा लागतो म्हणे. मग भराभर फॉर्म भरायला घेतला. 'आणखी कुठल्या नावाने ओळखले जाता का?' यावर त्यांनी मला न विचारताच 'नाही'वर टिक केली.

इथे मी थबकले. माझा पासपोर्ट लग्नाआधीचा, सुवर्णा नावाचा. लग्नात निलेशने ताटातल्या तांदळावर अंगठीने 'मधुरा' लिहिलं आणि तेव्हापासून मी सगळ्यांची मधुरा झाले. कागदोपत्री बदल आम्ही कधी केलाच नाही.

"मॅडम, या ताटाच्या फोटोत मधुरा वाचता येतंय," मी म्हटलं.

"तिकडे मराठी कोण वाचणार आहे, ताई? दोन नावं दिली की उगाच कन्फ्युजन होतं."

पण चॅट तर इंग्रजी अक्षरांत होते! 'मधुरा, जेवलीस का?' 'मिस यू मधुरा.' पानंच्या पानं मधुरा... आणि फॉर्मवर बायको सुवर्णा. तिकडच्या साहेबाला वाटलं असतं, हा माणूस बायकोला बोलावतोय आणि गोड बोलतोय भलत्याच बाईशी. मंजिरीवर जळता जळता मी माझीच सवत होऊन बसले होते.

हसूही आलं आणि भीतीही वाटली. "विचार करून सांगते" म्हणून फाईल उचलली आणि निघाले.

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टपाशी नेमकी मंजिरीच भेटली. फाईल बघून काय ते समजली. मीही मग लाज सोडून सगळं सांगितलं.

"माझ्याही फॉर्मवर 'नाही'च टिक केलं होतं," ती म्हणाली. "माझं माहेरचं नाव वैशाली. तिकडून खुलासा मागणारं पत्र आलं आणि चार महिने फाईल अडकली. शेवटी अॅफिडेव्हिट करून खुलासा मी स्वतः लिहिला. रडत रडत."

"मग मला कधी बोलली नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू नुसती 'लकी आहेस' म्हणालीस."



एजंट केला नाही. काल दुपारी मंजिरीच्या डायनिंग टेबलावर आम्ही दोघींनी माझा फॉर्म भरला. दुसऱ्या नावाच्या रकान्यात मधुरा लिहिलं. लग्नात नाव का बदलतात हे इंग्रजीत समजावताना दोघींची दमछाक झाली. तोच ताटाचा फोटो खुलाशाला जोडलाय. तिने प्रत्येक पान दोनदा तपासलं, मगच मला सबमिट करू दिलं.

आमचा व्हिसा कधी येईल, येईल की नाही, माहीत नाही. सोमवारी मंजिरी निघतेय. तिच्या दाराशी चार मोठ्या बॅगा उभ्या आहेत आणि येता-जाता त्या बघून मी अजूनही जळते, खोटं कशाला बोलू?

पण विमानतळावर सोडायला जाणार आहे. या वेळी 'लकी आहेस' म्हणणार नाही... 'थँक्यू वैशाली' म्हणेन.