पंचविसाव्या पायरीच्या पुढे

मी अठरा वर्षं गणित शिकवतो आणि आमच्याच घरच्या जिन्याला घाबरतो.

घर द्वारका चौकाजवळ. खाली दुकानांचे गाळे, वर आम्ही, आणि मधे पंचवीस पायऱ्यांचा अंधारा जिना. (पायऱ्या विषमच हव्यात, हा वडिलांचा हट्ट!) आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिनं गाळ्यामागच्या खोलीत मुक्काम ठोकला. डॉक्टरांनी बजावलं, "पायऱ्या चढल्या नाहीत तर गुडघा कायमचा आखडेल."

"आखडू दे!" आई म्हणाली. मला मात्र रडू यायचं बाकी होतं.

आई निवृत्त शिक्षिका. पोरांकडून भागाकार करून घेण्यात तिचा जन्म गेला. तेव्हा मी एक शक्कल लढवली. एक पंचवीस आकडी संख्या आहे. तिचे पहिले दोन आकडे घ्या, दोननं भाग जातो. पहिले तीन घ्या, तीननं. असं थेट पंचवीसपर्यंत! मी रोज पुढच्या पायरीवर खडूनं एकच आकडा लिहायचा आणि आईनं तिथवर चढून पडताळा घ्यायचा.

"तीन, मग सहा. छत्तीसला दोननं भाग जातो. त्यात काय मोठं?" दुसऱ्या दिवशी आईनं नाक मुरडलं.

सातव्या दिवशी तिनं जिन्याच्या भिंतीवरच मांडलं: छत्तीस लाख आठ हजार पाचशे अठ्ठावीस भागिले सात. बाकी शून्य!

"सुहास, उद्या कुठला आकडा रे?"

"चढ, मग कळेल." स्वतःवर मी इतका खूश होतो की विचारू नका.

पुढे पुढे तिचा आवाज बदलला. तेरा, बाकी शून्य. सतरा, शून्य. एकोणीस (कुणाला म्हणून दाद न देणारी संख्या!), तरी शून्य. भिंत भरत चालली.

"ही संख्या बनवली कुणी?"

"कुणीच नाही. ती असतेच."

"म्हणजे आपण यायच्या आधीपासून इथं वाट बघत बसलीय?"

मी हसलो, पण हातातला खडू पडला.

पंचविसाव्या दिवशी भर दुपारी वीज गेली. गाळे बंद, बायको वणीला माहेरी. वर दार मी उघडंच ठेवलं होतं. आई काठी टेकत शेवटच्या पायरीवर पोचली आणि मोबाइलच्या उजेडात तिनं भागाकार केला. शून्य.

"आता उंबरठा. सव्विसावा आकडा कुठंय?"

"नाहीये. शून्यापासून नऊपर्यंत कुठलाही लाव, सव्वीसनं भाग जातच नाही. ती इथं संपते."

आई उघड्या दाराकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग मी पुढं पाय कुठं ठेवू?"

आणि दार बंद झालं. धाडकन नाही. सावकाश, आतून कुणी लोटावं तसं. लॅच लागलं, खट्!

वारा नव्हता. आत कुणी नव्हतं. किल्ली मात्र आत होती.

अशा वेळी कर्तव्यदक्ष मुलानं आईला धरायचं असतं. मी पळालो! ऑपरेशन झालेल्या आईला अंधारात सोडून! शेवटच्या तीन पायऱ्या तर मी बसूनच उतरलो. गुडघ्यात काहीतरी वाजलं. आणि वरून आवाज यायला लागला, "पंचवीस... चोवीस... तेवीस..."

मी बसल्या जागेवरून वर बघितलं.

आई होती! काठी काखेत मारून, कठड्याला हातही न लावता ती खाली आली.

"आई, तू घाबरली नाहीस?"

"घाबरले ना! म्हणून तर एवढी भरभर आले."

आता आई वर राहते आणि गाळ्यामागच्या खोलीत मी. डॉक्टर मलाही तेच बजावतात. रोज सकाळी आई वरून हाक मारते, "चढ रे! उंबरठ्यावर मी उभी आहे, दार धरून!" मी निमूटपणे पहिल्या पायरीवर उभा राहतो, तीनला एकनं भागतो, बाकी शून्य आल्याची खात्री करून घेतो आणि परत येऊन आडवा होतो.