लांबी चार बोटं

रमेशचा फोन आला तेव्हा मी पिकअपच्या हौद्यात उभा राहून केळीची वाळकी पानं झाडत होतो. "गुरुजी, नाना गेलेत," तो म्हणाला. हिलालनानांची लेक शिंदखेड्याला दिलेली, महिन्याकाठी त्यांची तिकडे एक फेरी ठरलेली. मी आपलं सहज विचारलं, "शिंदखेड्याला का? परत कधी येतील?" पलीकडून रमेश, म्हणजे नानांचा मुलगा, हळूच म्हणाला, "नही गुरुजी... झोपेतच गेलेत." आता दीड महिना झाला, तरी ते वाक्य आठवलं की मान खाली जाते. पण खरं सांगू, नानांनी हे ऐकलं असतं तर टायरवर बसून पोट धरून हसले असते. माझ्या चुका हा त्यांचा आवडता खाऊ होता, आणि तो मी त्यांना कधी कमी पडू दिला नाही.

भडगावला गिरणेच्या पुलाजवळ, एका निंबाखाली त्यांचं डेंटिंगचं काम चालायचं. पाटी नव्हती, पत्र्यावरची ठकठक हीच पाटी. गाडी आली की नाना आधी हातोडी उचलत नसत. डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचे, वैद्याने नाडी बघावी तसा. कुठे पोचा, कुठे फुगवटा, कुठे आतून गंज, बठ्ठं त्यांना त्या तळव्यात कळायचं. "डोया फसस गुरुजी, हात फसस नही," म्हणायचे. मी जन्मभर फळ्यावर गणित शिकवलं, माझा सगळा भरवसा डोळ्यावर. तिथेच आमची जोडी जमली.

आमची ओळख झाली ती तुरीमुळे. घरची तूर पिकअपमध्ये भरून मी जळगावच्या डाळमिलला निघालो होतो. केळीचे ओले घड आणि खताच्या गोण्या वाहून हौद्याचा तळ सडलेला, त्याला जागोजागी भोकं पडलेली. मी त्यावर वाढदिवसाचा एक जुना फ्लेक्स अंथरला आणि स्वतःच्या हुशारीवर खूष होऊन गाडी हाणली. वाटेत लोक हात करत होते. मला वाटलं, जुने विद्यार्थी असतील, म्हणून मीही हात करत गेलो. मिलवर पोचलो तर एक गोणी निम्मी रिकामी. पावसाळ्यात रस्त्याकडेला अधूनमधून तुरीची रोपं डोलायला लागली आणि माझी कीर्ती पसरली. पिकअप घेऊन नानांकडे गेलो, तर त्यांचा पहिला प्रश्न, "रस्तावर पेरनी करनारा गुरुजी तुम्हीच का?"

हौद्यावरून हात फिरवून झाल्यावर ते म्हणाले, "बाजूचे पोचे उद्या काढू. येताना लांबी लई या." लांबी घेऊन यायची म्हणून मी घरी गेलो, टेप घेतला, हौदा मोजला, खात्री म्हणून पुन्हा मोजला आणि दुसऱ्या दिवशी नीट घडी केलेला कागद त्यांच्या हातात दिला. सात फूट दोन इंच. नाना कागदाकडे बघत राहिले. "हाई काय शे?" मी म्हटलं, "लांबी. रुंदीही मोजून आणलीय, लागली तर." ठोकून पत्रा सरळ केला की उरलेल्या बारीक खाचा भरायच्या लेपाला पेंटर लोक लांबी म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. नानांचं हसू मावळायला चहाचे दोन कप लागले. तेव्हापासून मी लांबी गुरुजी. तो कागद त्यांनी दुकानात खिळ्याला टोचून ठेवला आणि नव्या गिऱ्हाईकाला आधी माझं गणित दाखवायला लागले.

त्या वेळी बाजूचे पोचे निघाले, पण तळाचं काम मी पुढे ढकलत राहिलो. मग घरच्यांनी टुमणं लावलं, आता वय झालं, गाडी विका. शिंदखेड्याकडचा एक शेतकरी घ्यायला तयार झाला. फोनवर बोलताना माझ्या तोंडून निघून गेलं, "हौद्याला एकसुद्धा भोक नाही." बुधवारी तो येणार होता. मी सोमवारीच नानांकडे धावलो. "भोकांवर जाळी ठेवा, वरून लांबी भरा, रंग मारा. दोन दिवस टिकलं तरी पुरे."

नाना हसले नाहीत. मला म्हणाले, "हौद्यात मजूर उभे राहतस गुरुजी. चालती गाडीमा एखादाना पाय आत गया तर? ती लांबी कोन मोजी?"

मी चिडलो. त्यांना म्हटलं, "तुम्ही नाही केलं तर दुसरा करील." ते म्हणाले, "करी ना. मन्हा हातखाले नही." आणि ठकठक सुरू. मी रागाने चावी टाकून घरी आलो. म्हणजे रागसुद्धा धड करता आला नाही, गाडी त्यांच्याच दारात सोडून पायी आलो.

बुधवारी शेतकऱ्याला घेऊन गेलो तर नानांनी सडलेला सगळा पत्रा कापून काढलेला. हौद्यातून खालची माती, निंबोळ्या आणि एक कोंबडी स्पष्ट दिसत होती. शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी तर म्हणाले एकही भोक नाही." नाना शांतपणे म्हणाले, "गुरुजी खरं बोलतस. भोक नहीच. तळच नही." तो माणूस इतका हसला की सौदा मोडल्याचं दुःख करायला मला जागाच उरली नाही. पुढे त्याने दुसरीकडून पिकअप घेतली, पण घेण्याआधी ती नानांच्या तळव्याखालून घालून नेली.

नवा तळ बसला. जोड दिसायचे, पण हाताला लागायचे नाहीत. शेवटच्या दिवशी मी हातोडी मागितली, मलाही एक ठोका मारू द्या म्हणून. पत्र्याच्या मागे टेकू धरायचा असतो, हे ठोका मारल्यावर आठवलं. नव्याकोऱ्या तळाला खोल पोचा. मी ओशाळलो. नानांनी डोळे मिटून त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हाऊ ऱ्हाऊ द्या. तुम्हनी सही शे." मग मी गाडी विकली नाही... विकायची राहिलीच म्हणा.

परवा पिकअप घेऊन रमेशला भेटायला गेलो. कागद अजून खिळ्यावर आहे, सात फूट दोन इंच. रमेश हौद्यात चढला, त्याचा हात नेमका त्या पोच्यावर गेला. तोही डोळे मिटून बघतो, हे मला तेव्हा दिसलं. "गुरुजी, इथे लांबी भरून देऊ का?"

मी पोच्यात हात ठेवला. बोटं अगदी बरोबर बसली.

"नको," म्हटलं, "मोजली आहे. चार बोटं."