चिमीची पैंजणं

आमच्या शाळेमागून कालवा वाहतो. पाणी खोल, पण आवाज नाही. चिमी बोलत नाही आणि पाणी दिसलं की तिकडेच जाते. म्हणून तिच्या आईनं, मंगलनं, तिच्या पायांत पैंजणं घातली. मला म्हणाली, "बाई, वाजतंय तोवर खुशाल शिकवा. थांबलं की उठा."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हट्टानं शिकले, तशाच हट्टानं चिमीला बटणं आणि हूक लावायला-काढायला शिकवलं. वर्गात मी, घरी मंगल.

आज मंगल तिला सोडायला आली, तेव्हा पैंजणं मंगलच्या मुठीत होती.

"हूक स्वतः काढले हो पोरीनं! परत घालू देईना."

"शाब्बास!" मी म्हणाले. दोघी हसलो, आणि मग दोघींनीही त्या मुठीकडे पाहिलं.

शिकलेलं माणूस शिकवणाऱ्याला विचारून पाऊल टाकत नाही. मीही आईला न विचारताच कॉलेजची वाट धरली होती.

चिमी आमच्या मधूनच मागच्या फाटकाकडे निघाली होती. माझी नजर तिकडे होती, म्हणून कळलं.